कादंबरी नावाचे मद्य

हाती असलेल्या कादंबरीला साजेसे मिश्र पेय घरीच तयार करावे, पेला शेजारी ठेवावा आणि मग पान उलटावे, असा एक हौशी प्रकार गेल्या काही वर्षांत इंग्रजी वाचकांत रूढ झाला आहे. २०१३ साली टिम फेडरल यांचे ‘टकीला मॉकिंगबर्ड’ हे पुस्तक निघाले. प्रसिद्ध साहित्यकृतींच्या नावांवर कोट्या करायच्या आणि त्या कोटीला एका कॉकटेलची कृती जोडायची, असे त्याचे स्वरूप आहे. करमणूक म्हणून यात वावगे काही नाही. मराठी वाचक मात्र या खेळाकडे परकी चैन म्हणून पाहील, एखादा प्राध्यापक नाकही मुरडील. तसे करण्यापूर्वी आपण रोज उच्चारतो त्या एका शब्दाकडे त्याने पाहावे, असे आम्हांस वाटते. तो शब्द म्हणजे ‘कादंबरी’.

अमरकोशात मद्याचे जे पर्याय दिले आहेत त्यांत सुरा, हाला, मदिरा यांच्या रांगेत कादंबरी बसलेली आहे. कदंबाशी या शब्दाचा संबंध आहे. वरुणाच्या आज्ञेने वारुणी वृंदावनातील एका कदंबाच्या ढोलीत येऊन राहिली आणि तिच्या वासाने बलराम तिकडे ओढला गेला, ही विष्णुपुराणातील कथा प्रसिद्ध आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त हे मद्य पुराणातून थेट रस्त्यावर येते. अंगठी सापडलेल्या कोळ्याला चोर म्हणून धरून आणणारे राजपुरुष, त्याला बक्षीस मिळाल्याबरोबर त्याचे जिवलग होतात आणि ही नवी मैत्री कादंबरीच्या साक्षीने पक्की करण्यासाठी सगळे मिळून कलालाच्या दुकानाकडे निघतात. संस्कृत नाटकात पोलिसांचे इतके खरे चित्र दुसरे क्वचितच असेल. पण आपला मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की कालिदासाच्या प्रेक्षकाला ‘कादंबरी’ म्हणताच पुस्तक आठवत नव्हते, दुकान आठवत होते.

सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या नायिकेला हे नाव दिले ते अजाणता नव्हे. गंधर्वराज चित्ररथ हा कादंबरीचा पिता, आणि तिच्या आईचे नाव मदिरा. मदिरेची मुलगी कादंबरी, ही वंशावळ रचताना बाण मनाशी हसला असणार. ग्रंथ अपुरा ठेवून तो वारला तेव्हा त्याच्या मुलाने, म्हणजे भूषणभट्टाने (काही हस्तलिखितांत त्याचे नाव पुलिंद असे येते), उत्तरभाग लिहायला घेतला आणि आरंभीच वडिलांची कोटी पुढे चालवली. सगळे लोक कादंबरीच्या रसाने इतके धुंद झाले आहेत की त्यांना कशाचेच भान उरलेले नाही. तेव्हा त्यात आपली रसहीन वाणी मिसळली तरी ती कोणाच्या ध्यानात येणार, अशा आशयाचे ते निवेदन आहे. घरात बापाने गाळलेल्या उत्तम आसवात मुलाने आपले पाणी घालावे आणि तशी कबुलीही द्यावी, असा हा प्रसंग आहे. पेय आणि कथा यांची जोडी लावण्याचा आजचा छंद या कोटीपुढे फारच बाळबोध वाटतो. बाणपुत्राला पेला शेजारी ठेवण्याची गरज नव्हती, कारण ग्रंथ हाच पेला होता.

एकोणिसाव्या शतकात नव्या गद्यकथेला नाव हवे होते. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. ‘नावल’ हा शब्दही काही काळ चालला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली निबंध लिहिला तो ‘नावल व नाटक’ यांच्याविषयी. गुजरातीने ‘नवलकथा’ केली, बंगाली आणि हिंदीने ‘उपन्यास’ घेतला. मराठीने बाणाच्या ग्रंथाचे विशेषनाम उचलून त्याचे सामान्यनाम केले. कानडीनेही तेच केले. भारतीय भाषांत कथाप्रकाराला मद्याचे नाव देण्याचा मान असा आम्हां शेजाऱ्यांकडे आला. मजा अशी, की तो शब्द मराठीत आला आणि त्यातील मद्य आटून गेले. आज मुलीचे नाव हौसेने कादंबरी ठेवणाऱ्या घरात त्याचा मूळ अर्थ सांगून पाहावा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

हे मद्य कसे आटले, याची गोष्ट सांगायची तर फणसवाडीच्या आसपास उभे राहणे सोयीचे आहे. गिरगावातील वाड्यांची नावे झाडांची: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. मुगभाट, बोरभाट, कोलभाट या नावांतील ‘भाट’ म्हणजे माडाबागायतीची जमीन. चाळी उभ्या राहण्यापूर्वी हा सगळा बागांचा मुलूख होता, आणि माडाताडांच्या शेंड्यांवर चढून ताडी काढणे हा मुंबईच्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा होता. १८७८ च्या आबकारी कायद्याने झाडे, कर आणि परवाने यांचा फास या धंद्याभोवती आवळला. बागा गेल्या, चाळी आल्या, आणि चाळींत वाचक आले. जवळच काळबादेवीला, कोलभाट गल्लीत, जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना होता. १८९० साली तेथून काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेली बाणाची ‘कादंबरी’, भानुचंद्र आणि सिद्धचंद्र या गुरुशिष्यांच्या टीकेसह, बाहेर पडली. ज्या गल्लीच्या नावात माडाची बाग आहे, त्या गल्लीत मद्याचे नाव धारण करणारा ग्रंथ शिशाच्या टायपांत जुळवला गेला, आणि तो विकत घेणारा बहुतेक वाचक ताडीच्या वासानेही बाटणारा होता.

१८९० हे साल मराठी वाचकाच्या पेयाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ तीत क्रमशः येऊ लागली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे ‘पुणे वैभवा’त फोडली, ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्तांपर्यंत प्रकरण गेले. ज्या समाजात चहाच्या पेल्यावरून धर्म बुडत होता, त्याच समाजात पुढच्या एका पिढीत चहा हे वाचनाचे अधिकृत पेय झाले. मासिक, कंदील आणि चहाची बशी हे त्रिकूट इतके घट्ट जमले की मराठी कादंबरीवाचकाचे दुसरे चित्र आपल्याला काढताच येत नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’पर्यंत (१९६३) ते टिकले, पांडुरंग सांगवीकराच्या वसतिगृही जगातून चहा वजा केला तर मैत्री आणि उधारी या दोन्ही गोष्टी लटक्या पडतील.

मग पेला गेला कोठे? तो नाटकात गेला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘मूकनायका’त (१९०१) मद्यपाननिषेध आहे. खाडिलकरांनी ‘विद्याहरणा’त (१९१३) कच-देवयानीची कथा घेतली ती शुक्राचार्यांच्या मद्यासक्तीसह. दानवांनी कचाला जाळले, त्याची राख सुरेत कालवली आणि ती गुरूलाच पाजली, ही महाभारतातील घटना. मिश्र पेयांचा इतिहास कोणी लिहिलाच तर इतके भयंकर मिश्रण त्याला दुसरे सापडणार नाही. आणि १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. सुधाकर वकील आहे. सनद गेल्याच्या अपमानात तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. येथे गुत्त्यावरचा मजूर नाही, ताडीवाला भंडारी नाही. आर्यमदिरामंडळ काढून ठराव करणारे हे शिकलेले लोक आहेत. म्हणजे कादंबरी वाचणारेच लोक आहेत. गडकऱ्यांचा खरा घाव तेथे होता, असे आमचे मत आहे. सिंधूच्या ठिगळाच्या लुगड्यावर प्रेक्षक रडले, परंतु प्याल्याकडे बोट दाखवले होते ते पहिल्या रांगांतील खुर्च्यांवर बसणाऱ्यांसाठी.

कादंबरीने हे काम का केले नाही, याचे एक उत्तर असे देता येईल की प्याला ही रंगभूमीच्या कामाची वस्तू आहे. तो दिसतो, उचलता येतो, फोडता येतो. पण आम्हांस दुसरे कारण अधिक खरे वाटते. नाटकाला घराबाहेर जावे लागे. कादंबरी घरात येत असे. ती आईच्या, सुनेच्या, शाळकरी मुलाच्या हाती पडे. तिच्यावर आधीच व्यसन असल्याचा आरोप होता: मुले बिघडतात, वेळ जातो, डोके फिरते. ज्या वाङ्मयप्रकारालाच लोक नशा म्हणत होते, त्याला पानांवर आणखी एक नशा परवडणारी नव्हती. राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात मराठी कादंबरीला युरोपीय कादंबरीच्या मापाने मोजून उणी ठरवले. त्या उणेपणाच्या कारणांत हे घरंदाजपणाचे ओझे धरायला हवे. बाणाच्या नायिकेने सासरी येताना माहेरचे नाव ठेवले, पण आईचा उल्लेख टाळला.

याच गिरगावातील आंग्रेवाडीत पां. वा. काणे राहत. विद्यार्थ्यांसाठी टीपा देऊन बाणाची ‘कादंबरी’ संपादणारे काणे आणि ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त मद्यपानाच्या निषेधांची व प्रायश्चित्तांची बारकाईने नोंद करणारे काणे हे एकच गृहस्थ. एका टेबलावर मद्याचे नाव आणि त्याचा दंड दोन्ही मांडून बसण्यात त्यांना काही विसंगती वाटली नसावी. पंडिताला शब्द पुरतो.

वाचकांच्या चाळींना लागून पिणाऱ्यांची घरेही होतीच, आणि घरी पेय तयार करण्याची कला तेथे जिवंत होती. खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळसाठी मनुकांची, आल्याची वाइन घरी मुरवली जाई. ‘खिमड’ हे त्यांचे खास पेय: मसाला आणि साखर घालून गरम केलेली देशी दारू. बारशाला ते हवेच. घरगुती कॉकटेल म्हणून ज्याचे कौतुक आज होते ते या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, फक्त त्याला हौस न म्हणता विधी म्हणत. आणि दारूला न शिवणाऱ्या चाळीतही मिश्रणाची आवड काही कमी नव्हती. श्रीखंड, ताक, जायफळ, केशर यांचे पीयूष हे काय आहे? नाव अमृताचे, कृती कॉकटेलची. एका शेजारी कादंबरीतून मद्य काढून घेतले गेले, आणि दुसऱ्या शेजारी ताकाला अमृत म्हटले गेले. शब्दांची अशी अदलाबदल करण्यात आपण वाकबगार आहोत.

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी आली. त्याच वर्षी अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायकांचा ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट आला. औषधासाठी बाटली मिळवायला निघालेल्या भोळ्या कारकुनाची ती फटफजिती. आणि त्याच वर्षी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली, जिचे सारे जग युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरचे. हे निव्वळ योगायोग; पण मराठी कादंबरी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समुद्रावर गेली त्याच साली तिच्या बंदरावरची दुकाने बंद होत होती, हे आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

युद्धकाळात ही बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. साहित्याच्या विद्यार्थ्याने या कायद्याची कलमे २३ आणि २४ मुद्दाम वाचावीत. दारू विकणे, बाळगणे, पिणे हे गुन्हे झालेच. शिवाय मादक पदार्थाची प्रशंसा करणे आणि अशी प्रशंसा छापणे हेही निषिद्ध ठरले. बालसारा या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी कायम ठेवला, पण प्रशंसेवरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. औषधी आणि प्रसाधनी द्रव्यांतील मद्यार्कावरचे काही निर्बंधही काढले. म्हणजे पेला ओठांना लावता येणार नाही, पण त्याच्यावर लिहिता येईल, अशी विभागणी न्यायालयाने केली. मराठी कादंबरी सत्तर-ऐंशी वर्षे स्वखुशीने नेमके याच्या उलट वागत आली होती: लेखकाने घ्यावी, पात्राने घेऊ नये.

याची तुलना कौटिल्याशी करून पाहावी. अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष मेदक, प्रसन्ना, आसव यांच्या कृती मापासह देतो आणि कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा, औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा ठेवतो. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत वेगळीच. राज्य कर घेते, पण गृहस्थाच्या स्वयंपाकघराला ओळखते. १९४९ च्या कायद्याने परवान्यावर प्रकृतीचे कारण लिहवून घेतले. ब्रँडीची बाटली पडद्यावर विनोदी होती; पुढे तीच कागदोपत्री गंभीर झाली. परवान्याची ती पद्धत महाराष्ट्रात अजूनही संपलेली नाही.

बंदीने घरगुती गाळप थांबले नाही, त्याचा पत्ता बदलला. काळा गूळ, नवसागर, पिंप आणि नळी यांच्यावर हातभट्ट्या उभ्या राहिल्या. आंटीचे अड्डे गल्लीबोळांत चालले. आणि येथे, साठच्या दशकात, मराठी कादंबरीत दारू प्रथमच वास घेऊन आली. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३), भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ (१९६५), मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबऱ्यांनी घरंदाज वाचकाला त्याच्याच शहराच्या नाक्यावर आणि झोपडीत नेऊन सोडले. अत्र्यांनी ‘वासूनाका’वर जो हल्ला चढवला तो अश्लीलतेच्या नावाने होता; आमच्या मते चहाच्या बशीशेजारी हे पुस्तक ठेवता येत नाही, ही अडचणही त्यामागे होती. ‘प्याल्या’तील सुधाकर बुडतो तेव्हा आपण शोक करतो, कारण तो वर होता. ‘चक्र’मधील माणसांना बुडण्यासाठी उंची मिळालेलीच नाही, तेथे दारू हे पतन नसून हवामान आहे.

म्हणून पेय आणि पुस्तक यांची जोडी लावण्याच्या खेळाला येथे आमचा आक्षेप आहे, आणि तो नीतीचा नाही, वाचनाचा आहे. या खेळात वाचक निवडतो: आज जिन, उद्या रम. ‘चक्र’शेजारी काय ठेवणार? हातभट्टी ठेवली तर ते सोंग; स्कॉच ठेवली तर तो निर्लज्जपणा. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ज्या शहरात एका गटासाठी पेला ही अभिरुची आहे आणि दुसऱ्यासाठी मेथेनॉलची शक्यता, तेथे काही पुस्तके कोरड्या घशानेच वाचावी लागतात. तहान लागली तर उठून पाणी प्यावे.

याचा अर्थ सगळाच खेळ मोडावा असा नव्हे. ‘एकच प्याला’ वाचताना हाती कोकम सरबत असावे, असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे. रंग तोच, बाकी काही नाही. ‘रणांगणा’ला थंड झालेली कॉफी चालेल. ‘यमुनापर्यटना’ला, लेखकाच्या धर्मांतराचा मान ठेवून, खोताच्या वाडीतील घरगुती आल्याची वाइन द्यावी, यावर आमच्यात एकमत झाले नाही, बाबा पदमनजींना ते रुचले नसते, असे दोघांनी बजावले. ‘कोसला’ला चहा, आणि तोही दुसऱ्याच्या पैशांनी.

राहता राहिली बाणाची ‘कादंबरी’. परबांच्या प्रतीत मूळ वरच्या बाजूला आणि खाली बारीक टायपात टीका. वाक्ये इतकी लांब की क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत पेल्यातील बर्फ विरघळून जावा. कदंब आता गिरगावात सहज मिळणार नाही. एखाद्याने हट्टच धरला तर त्याला आम्ही उत्तरभागाकडे वळवतो आणि पीयूषात थोडे पाणी घालायला सांगतो.